गावकुसाबाहेरची गोरी पोरं

इंग्रजीतल्या सबर्ब या शब्दाला आपण उपनगर म्हणतो. कोशात ते बरोबरच आहे. पण शहराच्या, गावाच्या बाहेर म्हटलं की आपल्या डोक्यात उपनगर येत नाही, गावकूस येतं. कुसाबाहेरचा तुकडा. वारा आधी गावाला लागणार, मग आपल्याला. आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरू नये म्हणून वस्ती कुठल्या अंगाला टाकायची याचा हिशेब हजार वर्षं पक्का. बाहेर म्हणजे हाकललेले, हा आपला अर्थ.

अमेरिकेत हा अर्थ उलटा आहे. तिथं शहर सोडून बाहेर गेले ते गोरे. आपल्या पायानं गेले, मोटारीनं गेले, सरकारी हमीचं कर्ज घेऊन गेले, आणि जाताना कूस सोबत घेऊन गेले. आत कोंडून राहिले ते काळे. म्हणजे महारवाडा शहराच्या पोटात आणि पाटलाचा वाडा वेशीबाहेर. हे डोक्यात उलटंपालटं करून घेतल्याशिवाय मी ज्या नाटकाबद्दल बोलणार आहे ते कळत नाही. मला तरी कळलं नसतं.

नाटकाचं नाव ‘सबर्बिया’. लेखक एरिक बोगोशियन. १९९४ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये पहिल्यांदा झालं. १९९६ साली रिचर्ड लिंकलेटर या दिग्दर्शकानं त्याचा सिनेमा केला, पटकथा बोगोशियनचीच. २००६ मध्ये न्यूयॉर्कात ते पुन्हा उभं राहिलं. म्हणजे जुनं झालेलं नाटक आहे. पण आपल्याकडे जी गोष्ट आत्ता कुठे दाराशी आली आहे, ती त्यात तीस वर्षांपूर्वी घडून गेली आहे. म्हणून लिहितोय.

जागा एकच. बर्नफील्ड नावाचं कल्पनेतलं गाव, त्यातल्या एका चोवीस तास उघड्या दुकानासमोरची गाड्या लावायची मोकळी जागा. एक रात्र. विशीतली पोरं तिथं बसलेली. बसणं हाच त्यांचा धंदा. बिअर, पिझ्झा, शिव्या, गप्पा. जेफ थोडं कॉलेज करून सोडलेला, आईबापाच्या गॅरेजात राहणारा, जगाचं काय होणार याची काळजी करत स्वतःचं काहीच न करणारा. बफ नुसता हुंदडणारा. टिम हवाई दलात जाऊन, बोटाचं टोक गमावून परत आलेला, दारूवर आणि द्वेषावर जगणारा. सूझ ही जेफची मैत्रीण. तिला कलावंत व्हायचंय, न्यूयॉर्कला जायचंय. तिची मैत्रीण बी-बी, रुग्णांच्या सेवेचं काम करणारी, स्वतः व्यसनमुक्ती केंद्रातून जाऊन आलेली.

त्या रात्री यांच्यातलाच एक, पोनी, गायक म्हणून नाव कमावून गावात येतो. लांबलचक गाडीतून येतो. सोबत त्याची प्रसिद्धी सांभाळणारी श्रीमंत बाई, एरिका. बस्स. त्याच्या येण्यानं सगळ्यांच्या आतलं सडलेलं वर येतं. जेफला त्याचा मत्सर वाटतो, वर आपल्याला मत्सर वाटत नाही असंही दाखवायचं असतं. सूझ त्याच्या गाडीकडे बघायला लागते. टिम एरिकाला घेऊन जातो आणि नंतर आपण तिला मारून टाकलं अशी थाप मारतो. ती जिवंत परत येते. पण थाप ऐकून जेफनं ती खरी मानलेली असते. मित्र खून करू शकतो हे त्याला अशक्य वाटत नाही. मला या प्रसंगानं हलवलं. नाटकातला पोकळपणा तिथं उघडा पडतो.

आणि काचेच्या पलीकडं, गल्ल्यामागं, नॉर्मन चौधरी. पाकिस्तानी. सिनेमात त्याचं नाव नझीर आहे. बहीण पाकीझा सोबतीला. दुकान सांभाळतो, इंजिनियरिंग शिकतो, आपल्याला काय कमवायचंय याचा हिशेब त्याच्यापाशी तयार आहे. ही पोरं त्याच्या दारात बसतात, घाण करतात, तो हाकलतो, ती हसतात. टिम त्याच्या देशावरून, रंगावरून, बोलण्यावरून त्याला टोचत राहतो. बोलाचाली पिस्तुलापर्यंत जाते.

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही हे नाटक मोठ्यानं वाचलं. मीच ओबडधोबड मराठी करून नेलं होतं. पंधरा-सोळा पोरंपोरी होती. पहिली दहा पानं हसण्यात गेली. मग एक पोरगा म्हणाला, “सर, यांना दुखतंय कुठं? घर आहे, गाडी आहे, पोटात पिझ्झा आहे. रडतात कशाला साले?” सगळ्यांनी मान डोलावली. मलाही डोलवावीशी वाटली. पण हे उत्तर फार सोपं आहे, आणि सोप्या उत्तरांवर चळवळ बसली की तिला झोप लागते.

भ्रमनिरास व्हायला आधी भ्रम लागतो. कुणीतरी काहीतरी कबूल केलेलं असावं लागतं. आपल्या आज्याला कुणी काही कबूल केलंच नव्हतं, म्हणून त्याचा भ्रमनिरास झाला नाही. त्याला फक्त भूक होती. बर्नफील्डच्या पोरांना मात्र भरपूर कबूल केलेलं होतं. त्यांच्या आज्याला कबूल केलं होतं, आणि दिलंही होतं.

कसं दिलं ते बघा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट नावाच्या बिल्डरनं १९४७ पासून बटाट्याच्या शेतांवर घरं उभारायला घेतली. १९५१ पर्यंत १७,००० च्या वर घरं झाली. एकसारखी, पुढं हिरवळीचा तुकडा, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी स्वस्त हप्त्यांनी. लेव्हिटाऊन. सगळ्या अमेरिकेनं पुढं हाच नमुना गिरवला. आणि त्या घरांच्या सुरुवातीच्या करारात कलम होतं की गोऱ्या वंशाखेरीज कुणीही इथं राहायचं नाही. अपवाद एकच : घरकामाचे नोकर.

हे कलम वाचलं तेव्हा मला परकं वाटलं नाही. कामाला या, मुक्कामाला येऊ नका. वाड्यात लाकडं फोडायला चालतो, ओसरीवर बसायला चालत नाही. इंग्रजीत टाईप केलेली मनुस्मृतीच ती. लेव्हिट स्वतः ज्यू होता, म्हणजे ज्यांना ख्रिस्ती गोऱ्यांनी आपल्या वस्त्यांतून बाहेर ठेवलं त्यांच्यातला. तो सांगायचा, माझ्या मनात काही नाही, पण काळ्याला घर दिलं तर गोरं गिऱ्हाईक फिरकणार नाही. हेही आपण ऐकलेलं आहे. भाड्यानं खोली बघायला गेलात की घरमालक हेच बोलतो : “आमचं काही नाही हो, पण सोसायटीला चालत नाही.”

सरकार यात बघ्या नव्हतं. १९३४ पासून तिथलं केंद्र सरकार घरकर्जाला हमी देत होतं, आणि काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगानं दाखवल्या जात. लाल म्हणजे इथं कर्ज बुडेल, देऊ नका. १९४८ साली सुप्रीम कोर्टानं अशी वंशाची कलमं कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. तरी १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाऊनमध्ये पहिलं काळं कुटुंब राहायला आलं तेव्हा जमावानं घरावर दगड घातले. घरं देण्याघेण्यातला भेदभाव बंद करणारा कायदा यायला १९६८ साल उजाडलं, तेही मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाल्यानंतर आठवड्याभरात.

आता नाटकाकडे परत या. नऊ पात्रं आहेत. त्यात काळं पात्र एकही नाही. रात्रभर ही पोरं जगातल्या सगळ्या दुःखांवर बोलतात, आणि आपल्या पायाखालची जमीन कुणाला वगळून मोकळी केली हा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही. बोगोशियननं हे मुद्दाम केलं की त्याच्या लक्षात आलं नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही. रंगमंचावर ती भिंत दिसत नाही, पण ती आहे म्हणूनच ही पोरं तिथं बसली आहेत. आज्यानं कूस बांधलं, बापानं हप्ते फेडले, नातू कुसाच्या आत गुदमरतोय. त्याला वाटतं जग रिकामं आहे. जग रिकामं नाही, त्याच्या आज्यानं माणसं बाहेर काढली म्हणून त्याची गल्ली रिकामी आहे.

म्हणून त्यांचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. दुःख खरं आहे. त्यांना त्याचा पत्ता माहीत नाही, आणि पत्ता माहीत नसलेलं दुःख जवळच्या माणसावर तुटून पडतं. टिमच्या जवळ कोण आहे? गल्ल्यामागचा नॉर्मन. हे नुसतं नाटकातलं नाही. १९८७ साली न्यू जर्सीत ‘डॉटबस्टर्स’ असं नाव घेऊन भारतीयांना हाकलण्याच्या धमक्या दिल्या गेल्या, बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून ते नाव. त्याच वर्षी तिथल्या होबोकन गावात एका भारतीय तरुणाला टोळक्यानं इतकं मारलं की तो गेला.

बोगोशियनबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तो आर्मेनियन वंशाचा. १९१५ साली तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात ज्यांची कत्तल झाली त्या लोकांच्यातला. त्यानं पुढं २०१५ मध्ये त्या कत्तलीचा सूड घेणाऱ्यांवर एक पुस्तकही लिहिलं. वाढला बोस्टनजवळच्या वोबर्न या उपनगरात. त्याच बोस्टनच्या कोर्टानं १९०९ साली आर्मेनियन माणूस कायद्यानं गोरा आहे असा निकाल दिला होता. म्हणजे गोरेपणा कोर्टातून मिळायचा! आणि १९२३ साली भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी माणूस हाच अर्ज घेऊन सुप्रीम कोर्टात उभा राहिला. त्याच्या बाजूनं युक्तिवाद काय? आम्ही उच्च जातीचे, आर्य रक्ताचे, खालच्या जातींशी आम्ही शरीरसंबंध येऊ दिला नाही, म्हणून आम्ही गोरेच. कोर्टानं नाही म्हटलं. तुमची जात तुमच्यापाशी ठेवा, आमच्या रस्त्यावरचा माणूस तुम्हाला गोरा म्हणणार नाही.

मी हे वाचून मोठ्यानं हसलो होतो. नंतर हसू ओसरलं. कारण त्या दुकानाच्या काचेच्या दोन बाजू तिथंच ठरल्या. लेखकाचा आजा काचेच्या अलीकडे आला, नॉर्मनचा आजा पलीकडे राहिला.

नॉर्मनशी आपलं नातं काय? आमच्या वाचनात सगळ्यांनी त्याच्या बाजूनं टाळ्या वाजवल्या. रंगानं आपला, कष्टानं आपला, शिकतोय, अपमान गिळतोय. शेवटी तो त्या पोरांवर ओरडतो, तुम्हाला सगळं मिळालं आणि तुम्ही ते फेकून दिलंत, अशा अर्थाचं. तेव्हा आमची पोरं उभी राहिली. पण दोस्तांनो, नॉर्मन काय मागतोय? तो त्या पोरांचीच जागा मागतोय. पदवी घेईन, मोठं घर घेईन, पोहायचा तलाव बांधीन. त्याला कूस पाडायचं नाही, कुसाच्या आत जायचंय. १९६५ च्या कायद्यानं दार उघडल्यावर आपल्या उपखंडातून जे डॉक्टर-इंजिनियर तिकडं गेले ते बहुतेक वरच्या जातींचे, शिकण्याची सोय ज्यांना पिढ्यान् पिढ्या होती ते. त्यांनी तिथं उपनगरं वसवली, देवळं बांधली, आणि जातही नेली. २०२३ साली सिएटल शहराला जातीवरून भेदभाव करायला बंदी करणारा कायदा करावा लागला. नॉर्मन पुढं घर घेईल तेव्हा त्याच्या शेजारी कोण असावं याबद्दल त्याचं काय मत असेल, हे नाटक सांगत नाही. मला मात्र विचारावंसं वाटतं.

विचारावंसं वाटतं, कारण नॉर्मन आपल्याही घरात आहे. बापानं हमालीत, सफाईत हाडं झिजवली, पोरगा शिकला, राखीव जागेवर लागला, बदलापूरला नाहीतर पनवेलला फ्लॅट घेतला. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत गेला. या माणसाला ‘दलित ब्राह्मण’ म्हणून शिव्या घालून आपल्या दोन पिढ्यांच्या जिभा दमल्या. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली, तीही आपण भाषणात वापरून वापरून गुळगुळीत केली. मला त्याला शिव्या घालायच्या नाहीत. मला त्याच्या पोराबद्दल बोलायचंय.

तो पोरगा रात्री अकराला स्टेशनच्या बाहेर टपरीपाशी मोटारसायकलवर बसलेला असतो. पाठीला जेवण पोचवायची पिशवी. पदवी आहे, नोकरी कंत्राटी, तीही सहा महिन्यांनी सुटलेली. सरकारी जागा निघत नाहीत. बापानं सांगितलं होतं, शिकलास की झालं. ते झालं नाही. त्याला कबूल केलं होतं, म्हणून त्याचा भ्रमनिरास होऊ शकतो. आज्याला जे परवडत नव्हतं ते दुःख आता आपल्याला परवडायला लागलं. आपल्यातच जेफ तयार झालाय, आणि नॉर्मनही आपल्यातलाच, दोघं एकाच घरात, बाप आणि लेक. बाप म्हणतो, सगळं मिळालं आणि तू फेकून दिलंस. लेक म्हणतो, काय मिळालं?

म्हणून त्या नाटकातला एक दोष मला फार मोठा वाटतो. त्यात आईबाप रंगमंचावर येतच नाहीत. पोरं एकमेकांवर ओरडतात, मागच्या पिढीशी कुणाचं भांडण होत नाही. आपल्या दत्ता भगतांचं ‘वाटा पळवाटा’ आठवा. काका, सतीश, अर्जुन, तीन पिढ्या समोरासमोर उभ्या राहून एकमेकांचा हिशेब मागतात. कुणाचं काय चुकलं ते तोंडावर बोललं जातं. तिकडं रिकाम्या जागेत एकट्याची बडबड चालते, इकडं वाद होतो. वाद होतो तिथं अजून काहीतरी शिल्लक असतं.

त्या सिनेमाचंच साल घ्या. १९९७ च्या सुरुवातीला तो अमेरिकेतल्या थिएटरांत लागला. त्याच वर्षी ११ जुलैला आपल्या उपनगरात, सरकारी कागदावर ज्याचं नावच मुंबई उपनगर जिल्हा आहे त्या जिल्ह्यातल्या घाटकोपरला, रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. चिडून रस्त्यावर आलेल्या माणसांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. १० माणसं मेली. १५ जुलैला मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला फास लावून घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेला माणूस, जाताना डोक्याला निळं फडकं बांधून गेला. त्याचं मरण मिरवू नका. एक शाहीर कमी झाला, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण उपनगरातला मोहभंग म्हणजे काय हे कुणी मला विचारलं तर मी आधी मुलुंडचं नाव घेतो, बर्नफील्डचं नंतर. त्याला दुःखाचा पत्ता माहीत होता. नेमका माहीत होता. आणि तरी त्या आठवड्यात तो घरात एकटा होता, हे विसरता येत नाही.

त्यामुळे मी बी-बीपाशी येतो. नाटकात तिला बोलायला फार कमी दिलंय. ती मधेच कुणाला तरी आपल्याबद्दल सांगायला जाते, ऐकणाऱ्याचं लक्ष भलतीकडे. मग ती बाजूला होते. जेफचं तत्त्वज्ञान चालू आहे, टिमचा द्वेष चालू आहे, सूझची स्वप्नं चालू आहेत, सगळे जगाच्या अंताबद्दल बोलतायत, आणि हाकेच्या अंतरावर ही पोरगी दारू आणि गोळ्या घेऊन निपचित पडली आहे. सकाळी कळतं. बोगोशियनच्या इतर सगळ्या चुका मी यासाठी माफ करतो. तिला त्यानं भाषण दिलं नाही. भाषणं करणाऱ्यांच्या मागं नेऊन ठेवलं.

आमच्याकडे बी-बीचं वाचन एका पोरीनं केलं. ती पालिकेच्या दवाखान्यात कंत्राटी आया आहे. वाचून झाल्यावर पोरांची चर्चा सुरू झाली : भांडवलशाही, वंशवाद, ब्राह्मण्य, सगळं बरोबर बोलत होते, मीही बोलत होतो. तासभर झाला. मग तिनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, “सर, मी मधेच उठून घरी गेले असते तर कुणाच्या लक्षात आलं असतं का?”

कुणी उत्तर दिलं नाही. एका पोरानं तिला चहा आणून दिला, उशिरा सुचल्यासारखा. पुढच्या रविवारी पुन्हा वाचायचं ठरलंय. जेफ आणि टिम व्हायला सहा जण तयार आहेत, नॉर्मन कुणालाच नकोय. पिशवीवाल्याला सांगितलंय, तू कर, तुझ्या बापाचं बोलणं आठवून कर. तो अजून हो म्हणालेला नाही.